साधी गोळी

३ जानेवारी
नवीन वर्षाचा संकल्प: हिला कोट शिवायचा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. गावभरची मापं घेतली, बायकोचं राहूनच गेलं. उद्या नक्की. शिवाय हिच्या शुगरचा चार्ज आजपासून माझ्याकडे. रोज सकाळी बोट टोचायचं, आकडा मापाच्या वहीत. कटिंग मास्तरच्या घरात सगळं मापात पाहिजे.

९ जानेवारी
शुगर झकास. कोटाचं कापड आणायचं राहिलं, दुकानात गर्दी फार. दिवसभर खाली बसून काज-बटण केल्यामुळे हिचे गुडघे धरलेत. साधी गोळी दिली. तासाभरात उठून कामाला लागली. म्हणाली, तुमच्या हाताला गुण आहे. आहेच. रोज एक चालू करतो.

२ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंकडे गेलो. शुगरशिवाय दुसरं काही औषध घेता का, असं त्यांनी विचारलं. मी ठणकावून सांगितलं, काही नाही. ही माझ्याकडे बघायला लागली. बाहेर आल्यावर म्हणाली, अहो, ती गुडघ्याची गोळी? आता हिला काय सांगणार! औषधं कपाटात असतात. ही बटणांच्या डब्यात असते. साधी गोळी म्हणजे औषध नव्हे. बाईंनी रक्त-लघवी तपासायला लिहून दिलंय. कामाचा रेटा कमी झाला की करू.

१४ मार्च
आता सकाळ-संध्याकाळ. एका गोळीत भागत नाही. मुलीचा फोन. म्हणे, बाबा, आईला रोज पेनकिलर देऊ नका, शुगरवाल्यांच्या किडनीला त्याने इजा होण्याची शक्यता असते. मी विचारलं, शक्यता असंच लिहिलं होतं ना? हो म्हणाली. झालं तर मग. शिकलेली पोरं उगाच घाबरतात. तपासणी राहिलीय. पुढच्या आठवड्यात.

२० एप्रिल
आनंदाची बातमी. हिची तब्येत सुधारली! कुर्त्याच्या बाह्या तटतटल्या, चपलेचा पट्टा रुततो. शिलाया उसवून अर्धा इंच सोडला. म्हटलं, बघ, माझ्या देखरेखीत कसं अंग धरलंस. ही हसली. जेवली मात्र नाही.

६ मे
अखेर कोटाचं माप घेतलं. छाती, कंबर, सगळं वाढीव. उंची घेताना टेपचं टोक हिच्या नडगीवर अंगठ्याने दाबून धरलं. अंगठा काढला तर तिथे खड्डा. कितीतरी वेळ तसाच. माझा अंगठाच मेला जड, कात्री धरून धरून. दुपारी कापड आणून बेतलं.

२८ मे
काल जिना चढताना हिला धाप लागली. हॉस्पिटल. दोन्ही किडन्या जवळजवळ बंद.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तेच विचारलं, दुसरं काही घेत होता का. ही कॉटवरून म्हणाली, मीच घ्यायचे हो गुडघ्यासाठी, यांना माहीत नव्हतं.

काज करावं तसं नीट, सफाईने खोटं बोलली.

बाई म्हणाल्या, शुगरने किडनी आधीच थकलेली असते, या गोळीने भर पडली असू शकते, नेमकी किती ते सांगता येणार नाही. आधी कळलं असतं तर गोळी लगेच बंद केली असती.
'असू शकते' म्हणाल्या. म्हणजे नक्की नाही. लिहून ठेवतो.

५ जून
डायालिसिस सुरू. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. अंगातलं पाणी काढतात. पाणी होतं ते. अंग नव्हतं. मी पाण्यासाठी शिलाया सोडत बसलो होतो, आणि वर पाठ थोपटून घेत होतो स्वतःची.

१९ जून
कोट झाला. हिने घालून बघितला. आत आणखी एक बाई मावेल. खांदे दंडावर ओघळले. आरशासमोर उभी राहून म्हणाली, फिटिंग छान आहे. मी म्हटलं, उसवतो, पुन्हा माप घेतो. म्हणाली, राहू द्या, आत स्वेटर बसेल. आतल्या खोलीत जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडलो. हिला ऐकू गेलंच. बाहेरून विचारते, अहो, गुडघा दुखतोय का तुमचा?

२१ जून
डायालिसिसला नवीन नर्स. फॉर्म दिला. त्यात रकाना: 'इतर औषधे'. आधी नेहमीप्रमाणे 'नाही' लिहिलं. समोर ही सुई टोचलेल्या हातावर कोट पांघरून झोपली होती. 'नाही' खोडलं. लिहिलं, साधी गोळी. मग 'साधी' खोडलं, गोळीचं पूर्ण नाव घातलं. आधी रोज एक, मग दोन. साडेचार महिने. कोणी दिली याला रकानाच नव्हता. समासात लिहिलं: मी.

नर्स म्हणाली, काका, समासातलं कोणी वाचत नाही.

म्हटलं, असू दे.