कर्ण्याला टेकवलेली पट्टी

ता. ४ जून

चि. खटपट्यास, अ. उ. आशीर्वाद.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिलेत, मनात वेगळंच आहे. गेल्या आठवड्यात दुपारी माझा डोळा लागला असताना तू आईच्या खोलीतला रेडिओ उचललास आणि चालता झालास. बाबा गेले तेव्हा त्यांची हत्यारांची पेटी नेलीस, तेव्हाही मी गप्प बसले. पण हा रेडिओ आईचा आहे. ती रोज त्या रिकाम्या टेबलापाशी जाते, त्यावर हात ठेवते आणि माझ्याकडे बघत राहते, जसं काही मीच तो विकून खाल्लाय. मुकाट्याने परत आण.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवण्याच्या भानगडीत पडू नकोस.

तुझी ताई

ता. ९ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

ठार बहिऱ्या बाईला रेडिओ कशाला हवा, एवढं एक मला समजावून सांग. तुझ्याकडे तो धूळ खात होता. कंपनीच्या नावाची पट्टी उखडलेली, मागचा पुठ्ठा गायब. याचा काटा घड्याळासारखा गोल फिरतो आणि बँड बदलला की डायलचा रंग बदलतो. असला रेडिओ मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. वॉल्व्हवरचे आकडे घेऊन जुने कॅटलॉग पालथे घालतो आहे. सगळं जुळत आलंय, फक्त आत कर्ण्यापासून वरच्या झाकणापर्यंत टेकवलेली एक लाकडी पट्टी कुठल्याच चित्रात नाही. ओळख पटली की जुन्या रेडिओंच्या प्रदर्शनात ठेवणार. बाबांनी पाठ थोपटली असती. तुला त्याचं काय कौतुक, तू त्यावर दुधाचं पातेलं ठेवणारी.

राग कमी झाला तर कळव, नाहीतर राहू दे.

तुझा भाऊ

ता. २७ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तू मामांना मध्ये घातलंस. त्यांनी फोनवर माझी बिनपाण्याने केली, म्हणून रेडिओ टेम्पोतून पाठवतो आहे. प्रदर्शन गेलं, तुझं समाधान होवो. मॉडेल सापडलं. फार थोडे निघाले होते. ती पट्टी मूळची नव्हेच, कुणा अडाण्याने नंतर ठोकलेली. तिच्यामुळे अख्खी पेटी थरथरायची. काढून टाकली. झाकणावर एका जागचं पॉलिश तळव्याएवढं उडालं होतं, ते घासून आरशासारखं केलं. कपॅसिटर नवे घातले. आता कुठे खरखर नाही. निदान एकदा लावून बघ आणि मग शिव्या दे.

उत्तराची अपेक्षा नाही.

तुझा भाऊ

ता. १ जुलै

चि. भावास, अ. उ. आ.

लावून बघितला. आवाज शेजारच्या घरापर्यंत स्वच्छ गेला. डायलचा उजेड दिसताच आई लगबगीने आली, खुर्ची ओढून बसली आणि झाकणावर तळहात ठेवला. बराच वेळ तशीच बसली. मग मला म्हणाली की लाव ना. मी हातवारे करून सांगितलं की चालू आहे, गाणं लागलंय. तिने हात सरकवून सरकवून सगळं झाकण चाचपलं आणि म्हणाली की नाही, हा बंद आहे.

मी पाटीवर लिहून पट्टीचं विचारलं. तिचे कान गेले त्या वर्षी बाबांनी ती बसवली होती, तिला गाणं हाताला लागावं म्हणून. मी समजत होते, ती सवयीने हात टेकते. मला कळलं नाही हे माझं चुकलं. पण तू बाबांना अडाणी म्हणालास. आणि त्यांनी तिच्यासाठी केलेली एकच गोष्ट उपटून टाकलीस. तुला मी माफ करणार नाही. ती आता त्या खोलीत जात नाही.

पुढे काय लिहू.

ताई

ता. ५ जुलै

ती. ताईस, शि. सा. न.

पट्टी मी जपून ठेवली नव्हती. कपाट डुगडुगत होतं, त्याच्या पायाखाली सारली होती. ती काढली आहे. एक कोपरा चेपलाय, बाकी शाबूत आहे.

रविवारी येतो. तू माझ्याशी बोललीच पाहिजेस असं नाही, चहाही टाकू नकोस. फक्त आईला रेडिओपाशी आणून बसव. पट्टी नेमकी कुठे टेकवलेली होती ते मला आठवत नाही आणि कॅटलॉगमध्ये ते मिळणार नाही. मी ती आत सरकवत राहीन. तिचा हात झाकणावर असू दे. ती सांगेल तिथे थांबेन.

तुझा भाऊ