वैशाखातली कानटोपी

नागपूर,
२ फेब्रुवारी १९५७

प्रिय उर्मिलाताई,

भाऊबीजेला सौंसरला आलो, तेव्हा नागपूर नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं आणि तू मध्यप्रदेशात राहिली होतीस. ‘परराज्यातला पाहुणा’ म्हणून तू मला चिडवलंस, वर निघताना बोरगावच्या संत्र्यांची टोपली दिलीस. खरं ते त्याच दिवशी सांगायला हवं होतं. ओवाळून घेतलं आणि टोपली उचलून निघालो.

पांढुर्ण्याचं आपलं रेल्वेचं क्वार्टर आठवतं? गाडीच्या डब्यात राहिलेली इंग्रजी वर्तमानपत्रं बाबा घरी आणायचे आणि तू त्यातल्या चित्रकथा पाहत बसायचीस. इंग्रजीचा आपल्याला गंध नाही. माणसांच्या तोंडापुढचे ते बोलण्याचे फुगे तुला वाफ वाटले. म्हणून वहीत स्वतःच्या चित्रकथा काढू लागलीस, तेव्हा तू प्रत्येकाला कानटोपी घातलीस, वैशाखातल्या नवरदेवालासुद्धा! मी हसलो, तर म्हणालीस, “तोंडातून वाफ निघून राहिली, मंग थंडी नाही का बे?”

तुझ्या लग्नानंतर ती वही मी इकडे आणली. आमच्या साप्ताहिकाच्या संपादकांना दाखवली. त्यांना ती माझीच वाटली आणि मी त्यांना तसंच वाटू दिलं. गेली सहा वर्षं मी तुझीच माणसं काढतोय, टोपीसकट. आता अमरावतीचा एक नवा चित्रकारही भर उन्हाळ्यात सगळ्यांना कानटोप्या घालतो आणि सांगतो, ही गुणवंतरावांची शैली. ते ऐकून मी छाती फुगवतो, ताई. लिहितानाही लाज वाटते. आमचा अंक तुझ्या घरी येतो हे मला ठाऊक आहे. तू एका शब्दानं विचारलं नाहीस.

गेल्या महिन्यात मला न कळवता, सासरच्या नावानं, तू आमच्याकडे एक चित्रकथा पाठवलीस. पहिल्याच चौकटीत मी तुझा हात ओळखला. माझ्या सगळ्या कामाहून ती सरस आहे. संपादकांनी टोप्या पाहिल्या आणि म्हणाले, ही तुमची नक्कल आहे, परत पाठवा. ‘कृपया स्वतःची शैली शोधावी’ हे वाक्य त्यांनी सांगितलं आणि मी ते कार्डावर उतरवलं. अक्षर तू ओळखलंच असशील. त्यानंतर खरं सांगायला त्यांच्या खोलीत तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. माझ्याच्यानं ते होत नाही. म्हणून इथे सगळं सहीनिशी लिहून दिलंय. हे पत्र तूच त्यांना पाठव.

तुझाच धाकटा,
गुणवंता