पाहुणचाराच्या प्रशिक्षणात उपाशी राहिलेले काका

तीर्थस्वरूप मेरेआना मावशीस,

राहेराचा नमस्कार. पत्रातून आपल्या रीतीने नाकाला नाक लावता येत नाही, ते भेटीत लावू. तुझा डावा गुडघा कसा आहे? (उजवा बरा असल्याचं साऱ्या किनाऱ्याला कळलं आहे, रेडिओवर सांगायची तेवढी राहिलीस.) इकडे सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. ठीक काहीही नाही. नोव्हेंबरात आईला जाऊन वर्ष होईल, तेव्हा रीतीप्रमाणे तिच्या थडग्यावरच्या दगडाचं कापड काढायचं आहे, आणि तुझ्या घरी रुसून बसलेले परातेने काका म्हणे तेव्हा बोलायला उभे राहणार नाहीत! अगं, आईसाठी उभं राहून बोलणारं दुसरं कोण उरलंय? तेव्हा त्या शुक्रवारी लायब्ररीत काय झालं ते माझ्या तोंडून ऐक. चूक कुणाची ते तूच ठरव. मी आधीच ठरवली आहे.

आम्हा लायब्ररीवाल्यांना दर तीन वर्षांनी आपण अजून लायब्रेरियन आहोत हे सिद्ध करावं लागतं. (मासे धरणाऱ्याला कुणी विचारत नाही.) यंदा त्यात माओरी मूल्यांचं प्रशिक्षण घुसलं. मी माओरी, माझ्या दोन्ही आज्या माओरी, बावीस वर्षं त्या टेबलामागे उभी. आणि वेलिंग्टनहून फेनेला नावाची बाई येऊन मला शिकवणार की ‘मनाकितंगा’ म्हणजे पाहुण्याचा मान कसा राखावा! बरं, शिकव बाई, कागदावर सही तुझीच लागते. वर तिचा फोन, की सुरुवातीला तुमच्यातलं कुणी ज्येष्ठ मिळेल का, अस्सल वाटेल. मिळेल का म्हणे! जशी काही म्हातारी माणसं आम्ही क्रमांक लावून कपाटात ठेवतो. काकांना मीच विनवलं, हे मात्र खरं.

काका सव्वा तास लाकडाच्या ट्रकांमागून धूळ खात आले, अंगात मयताला घालायचं जाकीट. प्रार्थना म्हटली, सुरेख बोलले, त्यांच्या मागे उभं राहून आम्ही रीतीचं गाणं म्हटलं. पुढे काय, हे आपल्यातलं शेंबडं पोरही सांगेल. खाणं! पोटात घास गेल्याशिवाय स्वागत पुरं होतच नाही, माणूस नुसता लटकत राहतो. माझ्या गाडीच्या डिकीत टॉवेलखाली तळलेला पाव होता, शिंपल्यांची भजी होती. मी उठले, तर फेनेला म्हणते, “अहो, खाणं साडेबाराला! आत्ता काढलंत तर माझ्या स्लाइड्स राहतील. आणि ती पाटी बघा की, आत खाण्यापिण्यास सक्त मनाई.” मी खाली बसले. सही, मावशी, सही!

मग बाई चक्क टेबलावर बसली. ज्या टेबलावर पुढे जेवण मांडायचं, त्याच टेबलावर, पाय हलवत! काकांनी हॅट डोळ्यांवर ओढली. चौदाव्या स्लाइडवर दोन हातांत वाफाळता वाडगा, खाली लिहिलेलं, ‘पाहुण्याला आधी खाऊ घाला.’ माझ्या शेजारच्या मुलीने ते वहीत उतरवून घेतलं. नंतर प्रत्येकाला पिवळी चिकटचिठ्ठी मिळाली: आपलं स्वागत झालं असं तुम्हाला कशाने वाटतं, एका शब्दात लिहा. काकांनी लिहिलं, ‘चहा’. फेनेलाने ती चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवली आणि म्हणाली, “वा! किती प्रतीकात्मक!” काका म्हणाले, “नाही बाई, दूध घालून.” सगळे हसले. काका हसले नाहीत. अकराच्या सुमारास ते उठले, दाराशी त्या पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले, आणि गेले. मी टॉवेलसकट पाव घेऊन धावले तोवर त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली होती. आता सांग, संताप येईल की नाही? काकांना म्हणावं, उपाशी ठेवलं ते त्या बाईने, राहेराने नव्हे.

तुझी,
राहेरा

ता. क. प्रमाणपत्र आलं. ‘पाहुण्याचा मान राखणे: अत्युत्तम.’ गुळगुळीत कागद आहे, तेलही शोषत नाही.

दुसरं ता. क. पत्र काकांना मोठ्याने वाचून दाखव, पण सहीपाशी थांब. ती पाटी माझीच आहे. अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी नकाशांच्या पुस्तकावर सूप सांडलं, तेव्हा रागाच्या भरात मीच माझ्या हाताने लिहून लावली होती. हे काकांना कळता कामा नये.

तिसरं ता. क. पाकीट बंद करताना हात थांबला. मला अक्षरं गिरवायला शिकवलं ते काकांनीच, तुझ्या ओट्यावर, कोळशाने. पाटीसमोर ते इतका वेळ काय वाचत होते, हे आत्ता कळलं. मावशी, सगळंच वाचून दाखव. पाटी काढून टाकली आहे. रविवारी येते आहे. दार त्यांनाच उघडू दे, आणि साडेबारापर्यंत बाहेर उभं करायचं असेल तर करू दे. पाव मी आणते, पण चहा त्यांनी विचारल्याशिवाय घेणार नाही.