सव्वातीन मिनिटांत याईराची मुलगी

१ नोव्हेंबर १९३६, रविवार. निपाणी.
फेब्रुवारीनंतर या वहीत एक अक्षर लिहिले नाही. वहीची क्षमा मागतो. सबळ कारण शोधले, सापडले नाही. शाळेचे काम फार होते. तारा गेली त्यालाही नऊ महिने होत आले. प्रकृती ठीक. भूक वेळेवर लागते.
आता कामाचे. ग्रामोफोन कंपनीची माणसे पंचवीसला बेळगावात येणार. पाळकसाहेबांनी आमच्या ख्रिस्ती मंडळीसाठी एका गीताची वेळ मिळवली आहे. गीत मी लिहायचे. विषय ठरवला: याईराची मुलगी. बाप येशूला बोलावायला जातो, वाटेत उशीर होतो, मुलगी मरते. येशू तिचा हात धरतो आणि ती उठते. निवड निव्वळ वाङ्मयीन. याईराची मुलगी बारा वर्षांची, आमची तारा अकराची. तेव्हा तुलनेचा प्रश्नच येत नाही.
संकल्प: आठवड्यात गीत पूर्ण.

७ नोव्हेंबर
चौदा कडवी झाली. येशू अजून याईराच्या घरी पोचलेला नाही. वाटेत बारा वर्षे आजारी असलेली एक बाई गर्दीतून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते व बरी होते. शुभवर्तमानात ती मध्येच आहे, म्हणून गीतातही हवी. तिला सहा कडवी दिली. जास्त झाली का, असे स्वतःला प्रामाणिकपणे विचारले. नाही झाली.

१० नोव्हेंबर
पहिली तालीम. गाणार राजाबाई, विडीच्या कारखान्यात कामाला, आवाज खणखणीत. पेटीवर मारुतीराव. ते ख्रिस्ती नाहीत, पण नाटक कंपनी मोडल्यापासून रिकामे आहेत, आणि मंडळीत पेटी कुणाला येत नाही.
घड्याळ लावले. गीत अकरा मिनिटे भरले. तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटे मावतात. कंपनीच्या पत्रात हे होते. मी ते दोनदा वाचले होते.
मारुतीराव म्हणाले, "मास्तर, पोरगी मरायच्या आधी तबकडी मरंल." राजाबाई मोठ्याने हसली. मग माझ्याकडे बघून एकदम गप्प झाली. का, ते कळले नाही.

१४ नोव्हेंबर
छाटणी. याईराचा हुद्दा, गाव, गर्दीचे वर्णन काढले. बाई ठेवली. साडेसहा मिनिटे. मारुतीरावांची सुरुवातीची पेटी कापली, तेव्हा ते रुसले. म्हणाले, "एवढ्या येळात आमच्यात पडदा बी वर जात न्हाय."
राजाबाईने विचारले, "मास्तर, पोरगी उठायचं कडवं कुठं हाय?" डोक्यात तयार आहे, उतरवणे बाकी, असे सांगितले.
"तुमच्या डोक्यातलं मी कसं गाऊ ओ?"
मुद्दा रास्त आहे. उद्या उतरवतो.

१८ नोव्हेंबर
उतरवले नाही. शाळेत परीक्षा.
आज पत्नी जया तालमीला आली. मागे बसली. घरी आल्यावर म्हणाली, "अहो, त्या बाईपाशी देवाला किती दिस उभा करून ठेवलायसा? तिकडं पोरगी पडलीया." संपादन चालू आहे, असे तिला समजावले. "व्हय," म्हणाली आणि भाकरी थापू लागली.

२२ नोव्हेंबर
चार वाजता शेवटच्या कडव्याला बसलो, सहाला उठलो. झालेले काम: टाक पुसला, दौत धुतली, 'हात धरून' एवढे दोन शब्द लिहिले. पुढे यमक मिळेना. 'हात धरून'ला दहा तरी यमके आहेत, हे वर्गात मीच शिकवतो.
नवी योजना, पूर्वीपेक्षा चांगली. बाई पूर्ण काढली. राजाबाई मुलीच्या मरणापर्यंत गाईल: तीन मिनिटे. उरलेल्या पंधरा सेकंदांत मी स्वतः साध्या आवाजात म्हणेन, "मुली, ऊठ." दोन शब्द. यमकाची गरज नाही. पाठही झाले आहेत.

२५ नोव्हेंबर. बेळगाव.
सर्व्हिस मोटारने आलो. खोलीतल्या भिंतींना घोंगडी ठोकलेली. लाल दिवा लागला की गायचे. राजाबाईने तीन मिनिटांत अचूक संपवले, कुठे श्वासही ऐकू आला नाही. माझी पाळी आली. दिवा चालू होता. मी दिव्याकडे बघत राहिलो. दिवा विझला.
कंपनीच्या साहेबाने काय झाले विचारले. घसा, असे सांगितले. पाणी दिले. पुन्हा एकदा घेऊ म्हणाला, तिसऱ्यांदा मात्र नाही. राजाबाई पुन्हा गायली, पहिल्यापेक्षाही छान. मारुतीरावांनी मला कोपराने ढोसले. तोंड उघडल्याचे आठवते.
बाहेर आल्यावर राजाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, मास्तर." मारुतीरावांनी चहा पाजला, एकही विनोद केला नाही. आता तबकडीवर मुलगी मेलेलीच राहणार. शेवटची शांतता परिणामकारक वाटेल, असे मोटारीत त्यांना पटवत होतो. निम्म्या वाटेत बोलणे थांबवले.

२७ नोव्हेंबर. निपाणी.
जयाने विचारले, "म्हणलासा का?" नाही म्हणालो. घशाचे सांगितले नाही. तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. मग म्हणाली, "म्हणून तरी ती कुठं उठणार हुती."
ताराच्या थडग्यावर अजून दगड नाही. मजकूर मी योजतो, असे फेब्रुवारीत पाळकसाहेबांना सांगितले होते. चांगले वचन सापडेना, म्हणून राहिले, असे आजवर समजत होतो.
उद्या: पाथरवटाला नाव व तारखा लिहून देणे.