‘ऑन’चा गोल, ‘ऑफ’चा गोल

पिंपरी, मंगळवार, १२ मार्च १९५७

जेवण गेलं नाही. युसूफभाईंचा हात आज थोडक्यात वाचला, आणि चूक माझी होती.

काल कारखान्यात त्यांच्या प्रेसच्या खटक्याजवळ इंग्रजी अक्षरं रंगवली. साहेबांच्या नमुन्याबरहुकूम जाड, सरळ, कुठं शेपटी नाही की नक्षी नाही. त्यातला ओ मी कंपासनं काढला. इतका नेमका गोल माझ्या हातून कधी झाला नव्हता. खाली ‘ऑफ’ झालं तेव्हा युसूफभाईंनी विचारलं, "भाऊ, मला इंग्रजी येत नाही. काय लिहिलंय?" मी तोऱ्यात म्हणालो, "गोल दिसला की यंत्र बंद." दुपारी वर ‘ऑन’ रंगवलं. तेही त्याच गोलानं सुरू होतं. हे त्यांना सांगायचं कसं सुचलं नाही मला?

आज त्यांनी खटका वरच्या गोलाकडं केला आणि अडकलेला पत्रा काढायला हात आत घातला. प्रेस खाली आला. बाही फाटली, हात सुटला.

साहेब म्हणाले, "अक्षरं लांबूनही वाचता येतात. माणूसच बेफिकीर आहे." उद्या आठला युसूफभाईंना बोलावलंय. नोकरी जाणार म्हणतात.

गेटपाशी युसूफभाई मला म्हणाले, "तू गप्प राहा, तुझं काम जाईल." मी मान हलवली. का हलवली? अख्ख्या कारखान्याच्या पाट्या मिळायच्या आहेत म्हणून? तो गोल डोळ्यांपुढून जात नाही.

आत्ता बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आठला तुम्हीही जा." तिनं धुतलेला सदरा खुंटीला अडकवून ठेवलाय.