मुलाचे केस, माझ्या हातातली कात्री

आप्पा,

तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी गेल्या रविवारी इथे सोलापुरात, माझ्या घरात, मला तुमचा हात दिसला. माझ्याच मनगटाला होता तो.

तुमचा नातू दहावीत आहे. त्याचे केस सरळ, खांद्यापर्यंत आलेले. रोज सकाळी आरशासमोर असतो. ओले असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून गुंता सोडवत वर जातो, टोकांना थेंबभर तेल लावतो, मधोमध भांग पाडतो. क्लासला जाताना वरचे तेवढे मागे बांधतो, खालचे मोकळे. मी नुसता घाबरून बघत असतो. चौकातली पोरं काय बोलतील, मागून कुणी ओढेल का. त्यात शाळेतून चिठ्ठी आली, सोमवारपर्यंत केस कापा, नाहीतर वर्गात बसू देणार नाही.

रविवारी मी त्याला म्हणालो, "कापून ये." तो आरशातूनच "नाही" म्हणाला. पुढचं मला नीट आठवत नाही. स्वयंपाकघरातली कात्री हातात होती आणि मी त्याच्या मागे उभा होतो. त्याने आरशात मला पाहिलं. ओरडला नाही. फक्त मान खांद्यांत ओढून घेतली आणि डोळे गच्च मिटले.

ती मान मला माहीत होती, आप्पा. कुर्डुवाडीचं आपलं रेल्वेचं क्वार्टर. मी सोळा वर्षांचा, केस कानांवर आलेले. आई भाकरी थापतेय. तुम्ही वर्कशॉपमधून येता, चपलाही न काढता आत येता. "पोरीगत केस वाढवतो व्हय रं? तितं लोक हसत्यात मला!" माझं डोकं तुमच्या गुडघ्यांत. आई म्हणतेय, "अवो, सोडा की त्याला," आणि तव्यावरची भाकरी करपतेय. कानाची पाळी कापली, रक्त आलं, तेव्हा तुम्ही थांबलात. दुसऱ्या दिवशी शाळेत जाता यावं म्हणून माझ्या उशाशी नवी टोपी ठेवलीत, बोलला काहीच नाहीत. त्यानंतर मी तुमच्या शेजारी कधी जेवायला बसलो नाही. तुमच्या ते लक्षात आलं होतं का?

मी कात्री ठेवली. विचारलं, "शाळेत चालतील असे बांधता येतात का रे?"

तो डोळे उघडून म्हणाला, "येतात की." मग मला दाखवलं. सगळे मागे घ्यायचे, मानेजवळ पिळून गुंडाळायचे, दोन पिना. माझ्या बोटांतून पुन्हा पुन्हा सुटत होते. "सरळ केस निसटतात, पप्पा. जरा पाणी लावा."

सोमवारी मी त्याच्याबरोबर शाळेत गेलो. एवढा पन्नाशीचा माणूस मी, हेडमास्तरांच्या टेबलासमोर खुर्ची असून उभाच राहिलो. त्यांनी विचारलं, "काय हे?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नवस आहे, सर. याच्या आजोबांनी बोललेला. दहावी होईपर्यंत कात्री लावायची नाही." त्यांनी त्याला पाठमोरं व्हायला सांगून अंबाडा नीट पाहिला. मग म्हणाले, "बांधलेले असू देत. मोकळे दिसले तर घरी पाठवीन."

मला सोडायला फाटकापर्यंत आलेल्या पोराने विचारलं, "आजोबा तर माझ्या जन्माआधीच गेले ना?"

"हो."

"मग असं का सांगितलंत?"

"भ्यालो रे."

तो हसला नाही. "मी पण," म्हणाला, "रविवारी." आणि वर्गाकडे गेला.

भीती अजून आहे. तो क्लासहून येईपर्यंत मी गॅलरीतच उभा असतो, आणि कात्री मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नेऊन ठेवली आहे. हे पत्र या वहीतच राहील. पण एक सांगायचं राहिलं. हेडमास्तरांना मी आणखीही एक खोटं सांगितलं, की तुम्ही नातवाच्या केसांवरून हात फिरवत बसायचात. त्याची काही गरज नव्हती. मला ते एकदा तोंडाने म्हणून बघायचं होतं.