डबल बेल

३ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि. नमस्कार रीत म्हणून केला आहे, मनापासून समजू नकोस. फोनवर माझं अर्धं ऐकतोस आणि ठेवून देतोस, म्हणून कागद काढला. इथे तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

तिघं जुने दोस्त तुझ्या नव्या गाडीतून समुद्राकाठच्या रस्त्याने फिरायला गेलात. तू, मेकॅनिक आणि हे. बस डेपोतून रिटायर झाल्यापासून तुमचा हा बेत शिजत होता. परत आले दोघंच. यांचा स्वेटर मी स्वतः बॅगेत भरला होता, ती बॅग मेकॅनिक आणून देऊन गेला. मान खाली घालून म्हणाला, की दीपगृहाच्या वळणावर चहाला थांबलो होतो आणि गाडी निघाली तेव्हा हे रस्त्यावरच राहिले. आणि तू काय म्हणालास? की येईल संध्याकाळच्या बसने, लहान आहे का तो. आठवडा होत आला, दादा.

खरं सांग, रागाच्या भरात यांना मुद्दाम सोडून आलास ना? तुझ्याच बसवरचा कंडक्टर तुझा मेहुणा झाला, हे तुला आजतागायत पचलेलं नाही. यांचं काही बरंवाईट झालं तर मी तुझं तोंड पाहणार नाही. ठावठिकाणा माहीत असेल तर उलट टपाली कळव.

लोभ असावा, असं लिहायची हाताला सवय आहे.
तुझी धाकटी


८ डिसेंबर

चि. धाकटीस,
अ. आ. तोंड पाहणार नसलीस तरी आशीर्वाद घेऊन ठेव.

मुद्दाम? मी? अगं, तुझ्या नवऱ्याने डबल बेल दिली! मी स्टिअरिंगवर बसलो होतो. मागचं दार आपटलं आणि पत्र्यावर दोन थापा पडल्या. सिंगल म्हणजे थांब, डबल म्हणजे चल, हे डेपोतल्या मांजरालाही ठाऊक होतं. सबंध नोकरीत त्याने डबल दिली आणि मी मागे न बघता गियर टाकला. म्हातारपणी हात चुकला असेल त्याचा, एकीच्या जागी दोन मारल्या, त्याला मी काय करू? मेकॅनिक गाडी हलताच घोरायला लागला. पुढच्या गावाजवळ मी काहीतरी बोललो, मागून उलट उत्तर आलं नाही, तेव्हा मला संशय आला. परत गेलो. चहावाला म्हणाला, खाली धक्क्याकडे उतरला. घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. बसला असेल कुठेतरी रुसून.

आणि त्याने प्रवासभर माझं डोकं खाल्लं, ते कुणाला सांगू? दर वळणावर म्हणे थांब, समुद्र बघू दे. समुद्र काय पळून जाणार होता? शेवटी चहा पिताना मी एवढंच म्हणालो, की जो जन्मभर सासऱ्याच्या घरात राहिला त्याने दुसऱ्याची गाडी थांबवायची भाषा करू नये. मेकॅनिक हसला, मीही हसलो. खोटं काय होतं त्यात? बाबांच्या घरातला माझा हिस्सा मी मागितला नाही, म्हणून तुमच्या डोक्यावर छप्पर आहे.

राग ओसरला की येईल. डोकं थंड ठेव, आणि जमलं तर माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा


१४ डिसेंबर

ड्रायव्हरसाहेबांस,
न. वि. वि. आधी सप्रेमचा 'स' लिहिला होता, तो खोडला.

म्हातारपणी कंडक्टरचा हात चुकला, असं तू सगळ्यांना सांगत सुटला असशील. माझा हात चुकला नाही. तुम्ही दोघं हसलात, मी कप ठेवला, मागचं दार बाहेरून लावलं आणि दोन थापा मारल्या. एकदा तरी आरशात बघतोस का, ते मला पाहायचं होतं. नाही बघितलंस. म्हातारी चढली का, पोराचा पाय पायरीवर आहे का, हे जन्मभर मी बघितलं. तू नुसता आवाज ऐकून निघायचास, आणि लोक म्हणायचे, काय गाडी चालवतो!

तू परत आलास, ओरडलास, ते सगळं ऐकलं. वाळत घातलेल्या जाळ्यांमागे उभा होतो. ओ दिली नाही, कारण तू मला नावाने हाक मारत नव्हतास. कंडक्टर, कंडक्टर म्हणूनच ओरडत होतास.

इथे होडीच्या धक्क्यावर तिकिटं द्यायला माणूस हवा होता. चहावाल्याच्या माडीवर खोली मिळाली आहे. तुझ्या बहिणीला पत्ता कळवून बोलावून घेतलं आहे. तुमच्या त्या घरात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. दोस्ती झाली तेवढी पुरे. कळावे.
तुझ्या गाडीतून उतरलेला


२० डिसेंबर

दादा,
या वेळी मायना नाही, नमस्कारही नाही.

यांचं पत्र आलं. जिवंत आहेत हे वाचून रडले आणि मग भांडी आपटली. तुझा टोमणा यांना झोंबला, मान्य. पण घर सोडताना यांनी मला विचारलं का? मी इथे हॉस्पिटलं पालथी घालत होते, आणि हे माडीवर बसून समुद्र बघत होते. यांनी पत्र्यावर थापा मारल्या, तू गाडी हाकलीस. तुमच्या भांडणात मीही कुणीतरी आहे, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

छपराचं म्हणशील, तर बाबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांना उठवायला, पुसायला, कूस बदलायला हेच होते. तू रविवारी यायचास आणि उशाशी बसून तुझ्या बसच्या गोष्टी सांगायचास. यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मी लिहिते आहे.

उद्या निघते. किल्ली शेजारच्या शिंपीणबाईंकडे ठेवली आहे, हिस्सा काय, सगळंच घर घे. तिथे पोचले की आधी यांच्याशी कडकडून भांडणार आहे. राहायचं की नाही ते त्यानंतर ठरवेन, पण यांना मी सोडणार नाही, चांगलं फैलावर घेणार आहे.

तुझ्याशीही जन्मभर भांडत आले. खिडकीच्या जागेवरून, सायकलवरून, माझ्या लग्नावरून. भांडते आहे तोवर दादा माझा आहे, असं वाटायचं. काल उत्तर लिहायला म्हणून तुझं पत्र पुन्हा काढलं. सासऱ्याच्या घराची ती ओळ वाचली, तुम्ही दोघं हसलात ते वाचलं, आणि तुला उलट काही बोलावंसंच वाटलं नाही.

धाकटी